जरा इको वाढवा!

“दादा, जरा इको वाढवा हो!”

हे वाक्य माझंच. २०२२ च्या नवरात्रातलं. देवळापुढच्या मांडवात आमच्या महिला मंडळानं जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम ठेवला होता. फलटणच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून सहा आज्या आल्या होत्या. सगळ्यांत धाकटी सत्तरीची. कुणाच्या तरी पडवीत पालथं पडलेलं जातं धुऊन-पुसून स्टेजवर मांडलं होतं. साऊंडवाल्यानं दोन माइक लावले, आजीनं पहिली ओवी उचलली आणि मला आपलं वाटलं, आवाज कसा उघडाबोडका येतोय. मंगल कार्यालयात सूत्रसंचालन करणाऱ्यांचा आवाज कसा छान घुमतो! म्हणून मी खालूनच हात हलवून ओरडले, जरा इको वाढवा. त्यानं बिचाऱ्यानं एक बटण फिरवलं. आवाज मांडवभर घुमला, बायकांनी टाळ्या वाजवल्या, मीही खूश. कार्यक्रम संपल्यावर त्यानं सगळं रेकॉर्डिंग एका पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं, तेही वेगळे पैसे न घेता. मी तो पेन ड्राइव्ह कपाटात, मंडळाच्या पावतीपुस्तकांशेजारी ठेवून दिला.

पुढच्या वर्षी आषाढात त्या सहांमधल्या एक आजी गेल्या.

तेरावं झाल्यावर त्यांची मुलगी आमच्याकडे आली. वयानं माझ्यापेक्षा मोठीच. “ताई, आईचा आवाज तुमच्याकडं हाय म्हणं.” मी लॅपटॉप काढला, चहा ठेवला, दोघी ऐकत बसलो. ती डोळे पुसत होती, मधूनच हसत होती. आणि एका ओवीपाशी तिनं माझा हात धरला. “थांबवा. परत लावा. हितं आई कुणाचं नाव घेती?”

तुम्हाला माहीतच आहे, ओवीत बाई नावं घालते. भावाचं, लेकाचं, माहेरच्या गावाचं. शब्द त्याच, पण प्रत्येकीची नावं वेगळी. या बाईंच्या आधी तिच्या आईला एक मुलगी झाली होती, ती लहानपणीच गेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. आई मात्र जात्यावर बसली की घेत असे, एवढं तिला आठवत होतं. नाव मात्र आठवत नव्हतं. आम्ही ती ओळ किती वेळा लावली, मोजलं नाही. चहा गार झाला. आधीच्या शब्दाची शेपटी त्या नावावर येऊन पडत होती, त्यात जात्याची घरघर, तीही घुमवलेली. “सु” एवढंच कळत होतं. पुढचं सगळं इकोच्या पोटात.

तो इको मी मागून घेतला होता. साऊंडवाल्याचा काही दोष नाही.

माझा भाचा, म्हणजे बहिणीचा मुलगा, पुण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात गाण्यांच्या रेकॉर्डिंगच्या मागे असतो. त्याला फोन लावला. म्हटलं, अरे, यातला तेवढा इको काढून टाक ना. तो म्हणाला, “मावशी, आमटीत मीठ जास्त झालं तर तू काढतेस का?” मी म्हटलं, बटाटा घालते! तर म्हणाला, बटाट्यानं आमटी खारट लागत नाही एवढंच, मीठ आतच असतं. तसंच हे. हल्ली घुमणारा आवाज कमी करणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत, ती त्यानं वापरून पाहिली. घुमणं खरंच कमी झालं. पण आजी पाण्याखालून गातायत असं वाटायला लागलं, आणि ते नाव होतं तिथंच राहिलं. जे दुसऱ्या आवाजाखाली गाडलं गेलंय, ते उकरून काढताना सॉफ्टवेअर अंदाजच करणार. नावाचा अंदाज करून कसं चालेल?

मग तो शनिवार-रविवारची सुट्टी काढून आला. येताना त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या भाऊजींची, एक जुनी पेटी घेऊन आला. भाऊजींचा नव्वदच्या दशकात स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. त्यातली ही इको मशीन. काळी, पत्र्याची, लांबट, पुढं चार-पाच बटणं, मागं भोकं. धंदा बंद झाला तेव्हा स्पीकर विकले, ही तेवढी माळ्यावर राहिली. “मावशी, गंमत बघ,” तो म्हणाला, “इको घालायचाच असेल तर नंतर घालू. आवाज कोरडा साठवायचा, मग तो कॉम्प्युटरमधून बाहेर काढून या पेटीतून फिरवून परत आत घ्यायचा. मूळ आवाजाला हातही लावायचा नाही.”

मी बी.ए. मराठीवाली. मला वाटलं, आत असलेला आवाज बाहेर काढून परत आत? हा काय उद्योग! पण त्यानं समजावलं ते मला आमच्या नीरा उजव्या कालव्यावरून लगेच समजलं. कालव्यातून चारी काढतात ना, तसं. कालवा आपला वाहतच असतो. त्यातलं थोडं पाणी चारीनं शेतात जातं. इथं फरक एवढाच की शेतातून फिरलेलं पाणी आपण पुन्हा कालव्याच्या कडेला आणून सोडतो आणि किती सोडायचं ते दाराच्या फळीवर ठरवतो. फळी पूर्ण बंद केली तर कालवा जसाच्या तसा. रेकॉर्डिंगवाले याला ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ म्हणतात. पाठवणी आणि माघारी येणं.

आणि हे काही आजचं नाही बरं का. बिल पुटनम नावाच्या अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनियरनं १९४७ साली शिकागोत हार्मोनिकावाल्या तिघांचं एक गाणं केलं. त्यानं काय करावं? स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर ठेवला, समोर माइक ठेवला. आवाज बाथरूममध्ये पाठवायचा, फरशीवर-भिंतीवर आपटून घुमलेला आवाज माइकनं परत आणायचा आणि मूळ आवाजात बेताबेतानं मिसळायचा. गाणं तुफान चाललं! पुढं हॉलिवूडमध्ये कॅपिटॉल कंपनीची गोल इमारत १९५६ मध्ये उभी राहिली, तिच्याखाली तर खास यासाठी जमिनीत खोल्याच बांधल्या. नुसत्या घुमण्यासाठी रिकाम्या खोल्या! आपल्याकडं धान्याची पेवं असत तशी ही आवाजाची पेवं. १९५७ मध्ये जर्मनांनी खोलीऐवजी पोलादाचा मोठा पत्रा टांगलेली पेटी काढली. पत्र्याला आवाजानं थरथरवायचं आणि ती थरथर टिपायची. पण तिचंही वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. शिवाय स्प्रिंगा होत्या, टेपचे फिरते पट्टे होते, सत्तरच्या दशकात डिजिटल यंत्रं आली आणि होता होता भाऊजींची ही पेटी. ती बाथरूमची नात म्हणायची की पणती, तुम्हीच ठरवा.

हे ऐकल्यावर मला राहवेना. म्हटलं, पेटी राहू दे, आधी आपलं न्हाणीघर बघू. भाच्याला आणखी काय हवं! बादल्या, टब, कपड्यांचा दांडा सगळं बाहेर काढलं. (ओला टॉवेल जरी टांगलेला असला तरी आवाज मरतो. कापड आवाज पितं.) लहान स्पीकर कोपऱ्याकडं तोंड करून स्टुलावर ठेवला, म्हणजे आवाज थेट माइकमध्ये न जाता भिंतीवर आपटून जाईल. माइक दुसऱ्या टोकाला. दार लावून वायर फटीतून बाहेर. आणि खरंच, स्वयंपाकघरात बसून हेडफोन लावला तर आवाजाभोवती एक छान ओलसर वलय आलं. फक्त एक झालं, सासूबाईंनी वरच्या मजल्यावर नळ सोडला आणि पाइपातून गेलेलं पाणी ओवीत वाहिलं. शिवाय “आंघोळीची सोय आहे का आज?” असं ह्यांनी दोनदा विचारलं. तेव्हा मग मुकाट्यानं पेटीकडं वळलो.

आता जोडणी सांगते. तुमच्याकडं भजनी मंडळ असेल, बचत गटात गाणाऱ्या असतील, तर उपयोगी पडेल.

कॉम्प्युटर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक लहान डबी लागते. दुकानात तिला साऊंड कार्ड किंवा ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तिला आवाज आत घ्यायची तोंडं असतात आणि बाहेर सोडायची. बाहेर सोडायची तोंडं चार असतील तर सगळ्यात सोयीचं: दोन आपल्या ऐकण्यासाठी, उरलेली पेटीला. आमच्या डबीला दोनच होती, तरी भागलं. बाहेरच्या तोंडातून एक वायर पेटीच्या ‘इन’मध्ये, पेटीच्या ‘आऊट’मधून एक वायर डबीच्या आतल्या तोंडात. जाड पिनेच्या वायरी लागतात, दुकानात ‘पी थर्टीएट’ म्हटलं की देतात. डबीवर माइक आणि लाइन असा खटका असतो, तो लाइनवर. माइकवर राहिला तर आवाज फाटलाच समजा.

सॉफ्टवेअर आम्ही ‘ऑडॅसिटी’ वापरतो. २००० साली आलेलं, फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. कोरड्या आवाजाची पट्टी वाजवायची आणि त्याच वेळी खाली दुसऱ्या पट्टीवर पेटीतून आलेला आवाज रेकॉर्ड करायचा. ‘रीपर’, ‘क्युबेस’ यांसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरची पेटी जोडायला वेगळी सोयच असते, वेळेचा फरकही ती स्वतःच मोजतात. पण आमचं आपलं हातानं.

पहिल्यांदा सुरू केलं आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी! शेजारच्या काकू धावत आल्या. झालं होतं असं की, आत येणारा आवाज लगेच ऐकू यावा म्हणून डबीवर एक बटण असतं, ते चालू राहिलं होतं. म्हणजे पेटीतून आलेला आवाज डबीतून परत पेटीत, तिथून परत डबीत... गिरक्या घेत वाढतच गेला. मांडवात माइक स्पीकरसमोर धरला की होतं तेच. ते बटण बंद. सॉफ्टवेअरमध्येही ‘प्लेथ्रू’ नावाची तशीच एक खूण असते, तीही काढायची. आणि काहीही नवीन जोडलं की आधी हेडफोन कानावरून काढून आवाज तळाला न्यायचा. कान एकदाच मिळतात.

किंकाळी गेली, तर गुणगुण आली. भुंग्यासारखी एकसुरी. विजेचा तो ५० हर्ट्‌झचा सूर. लॅपटॉप एका बोर्डावर, पेटी दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर, दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि तो फरक वायरीतून आवाज होऊन येत होता. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला. गेली. काही साऊंडवाले अर्थिंगची जाड पिनच कापून टाकतात, गुणगुण जाते म्हणून. कृपा करून तसं करू नका. पत्र्याची पेटी आहे, उद्या आत वायर सुटली तर शॉक आपल्यालाच.

तिसरी चूक सगळ्यात फसवी होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. सगळं नीट वाजत होतं, पण दोन्ही पट्ट्या एकत्र लावल्या की आवाज पोकळ यायचा. नळकांड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मला वाटलं पेटी खराब. पेटीवर ‘मिक्स’ नावाचं बटण असतं, मूळ आवाज किती आणि घुमलेला किती ते ठरवणारं. ते मध्यावर होतं. म्हणजे पेटीतून घुमलेल्या आवाजाबरोबर मूळ आवाजही परत येत होता, आणि तो यायला थोडा उशीर होत होता. कॉम्प्युटर आवाज सलग धारेनं घेत नाही, घमेल्या-घमेल्यानं उचलतो. सेकंदाला ४४,१०० ठिपके, त्यातले २५६ ठिपके एका घमेल्यात धरले तरी एक घमेलं भरायला सहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. जाताना घमेलं, येताना घमेलं, वर आणखी किडूक-मिडूक वेळ. एकच आवाज थोड्या फरकानं दोनदा ऐकू आला की त्यातले काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून पोकळ.

उपाय अगदी सोपा. मिक्सचं बटण पूर्ण घुमण्याच्या बाजूला. पेटीनं फक्त घुमलेला आवाज द्यायचा, मूळ आपल्याकडं आहेच. मग उशिराचं काय? तोही मोजला. कोरड्या पट्टीच्या सुरुवातीला एक टाळी घातली, ती फिरून परत आली तेव्हा दोन टाळ्यांमधलं अंतर पडद्यावर मोजलं. आमच्याकडं ३० मिलिसेकंद निघालं. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण दहा मीटर जातो, म्हणजे ओट्यापासून फाटकापर्यंत. खालची पट्टी तेवढी मागं सरकवली की झालं. गंमत म्हणजे नुसत्या घुमण्याला एवढ्या उशिरानं फारसं बिघडत नाही, देवळातही घुमलेला आवाज उशिरानंच येतो. उलट शब्द आधी स्वच्छ कानावर पडतो आणि मग मागून घुमणं येतं. भाचा म्हणाला, मोठ्या स्टुडिओत मुद्दाम थोडा उशीर ठेवतात. मग आम्हीही आमचा ठेवला!

आवाजाची पातळी पडद्यावर दिसते. लाल होऊ द्यायची नाही, आम्ही सगळ्यात चढ्या जागी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवतो. पेटीत पाठवताना जात्याची पट्टी बंद ठेवायची, फक्त गळा जाऊ द्यायचा. जातं घुमलं की सगळी गिचमीड होते, हे मी पेन ड्राइव्हवर ऐकलंच होतं. आणि बटणं कुठं होती ते लिहून ठेवायचं. सॉफ्टवेअर सगळं लक्षात ठेवतं, पेटी काही लक्षात ठेवत नाही. सासूबाई पेटी पुसायला गेल्या आणि तीन बटणं फिरली, त्या दिवसापासून मी मोबाइलवर फोटो काढून ठेवते.

एक मात्र आहे, या कामाला घाई चालत नाही. सॉफ्टवेअरमधला इको घातला तर तासाभराचं गाणं मिनिटा-दोन मिनिटांत तयार होतं. पेटीतून तासाभराच्या गाण्याला तासच लागतो, ते वाजतच फिरावं लागतं. पण या तासात मी कुकर लावते, भाजी निवडते. न्हाणीघरासारखं इथं घरातला आवाज आत शिरत नाही, सगळं वायरीतून. शिट्ट्या कितीही होऊ देत.

मग सॉफ्टवेअरमध्ये इको फुकट असताना ही पेटी कशाला, असं तुम्ही विचाराल. ऑडॅसिटीतही आहे, चांगला आहे. आमचा लॅपटॉप धापा टाकतो हे एक. दुसरं म्हणजे या पेटीचा आवाज आमच्या बायकांच्या ओळखीचा आहे. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी काकड आरतीला, लग्नात, हळदीकुंकवाला हाच इको ऐकलाय. आणि बटण हातानं फिरवता येतं. पडद्यावरच्या रेघेला हात लावायला आमच्या मंडळातल्या बायका बिचकतात, बटण मात्र शेगडीसारखं बिनधास्त फिरवतात. तुमच्याकडं अशी जुनी पेटी नसेल तर मुद्दाम विकत घेऊ नका. असेल तर माळ्यावरून काढा.

आता खरं काम. गेलेल्या आजींच्या मोठ्या जाऊबाई अजून आहेत. ऐंशी केव्हाच ओलांडलेली. दोघी सुना असताना एकाच जात्यावर समोरासमोर बसून चाळीस वर्षं दळत होत्या. त्या मुलीनंच सुचवलं, “काकीला म्हाईत असंल.” २०२४ च्या माघात आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. पंखा बंद, कोंबड्या डालल्या. मागं दोन गोधड्या टांगल्या. एक माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा कडेला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना फुंकर बसणार नाही. दुसरा जात्याजवळ खाली. दोन माइक, दोन वेगळ्या पट्ट्या. इको नाही. मी तोंडावर हात ठेवून बसले होते!

तिथं बसल्यावर मला एक कळलं. ओवी ही मुळात घुमणारी गोष्टच नव्हे. पहाटेच्या अंधारात, शेणानं सारवलेल्या मातीच्या भिंतींच्या खोपट्यात ती म्हटली जायची. मातीची भिंत आवाज पिते. घरातली पोरं उठू नयेत, सासऱ्यांच्या कानावर जाऊ नये, पण समोरच्या जावेला मात्र ऐकू जावी एवढ्याच आवाजात. म्हणूनच तर बाईला जे कुठंच बोलता येत नाही ते तिथं बोलता आलं. आणि मी तिला देवळाच्या गाभाऱ्यात नेऊन बसवली होती, स्पीकर लावून. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या काही आता ‘पारी’च्या संग्रहात ऐकायला मिळतात. त्यात कोणती बाई, कोणतं गाव, सगळं टिपलेलं आहे, शब्द न् शब्द लिहून काढलेला. मी मात्र नवरात्रात लिहूनही घेतलं नव्हतं. वहीवर एवढंच, ‘आजी क्र. ३, टाळ्या भरपूर’.

म्हाताऱ्या आजी तीन तास गायल्या. मधे चहा, मधे खोकला, मधे शेजारणीशी दोन शब्द. ती ओवीही आली. पण त्यात त्यांनी स्वतःच्या लेकाचं नाव घातलं. मुलगी पुढं सरकून म्हणाली, “काकी, आई हितं कुणाचं घ्यायची?” त्या जातं थांबवून बघतच राहिल्या. “तुझ्या थोरलीचं.” मग दोन नावं सांगितली. दोन्ही ‘सु’नं सुरू होणारी. “ह्यातलं येक. आता लई वरसं झाली गं, आन् ते तिचं हुतं, मी कशाला घिऊ?”

घरी येऊन त्या दोन नावांसह आम्ही पेन ड्राइव्ह पुन्हा ऐकला. पहिलं नाव धरून ऐकलं तर तेच वाटतं, दुसरं धरलं तर तेही. भाच्यानं शेवटी हेडफोन काढून ठेवला.

म्हाताऱ्या आजींच्या ओव्यांच्या आम्ही दोन प्रती केल्या. एक कोरडी, एक पेटीतून फिरवलेली, घुमणं अगदी थोडं, भाकरीला तूप लावावं इतपत. कोरडी प्रत तीन ठिकाणी ठेवली आहे: लॅपटॉपवर, भाच्याकडं आणि एका वेगळ्या डिस्कवर. वस्तीवर जाऊन आजींना दोन्ही ऐकवल्या. पेटीतली ऐकून त्या म्हणाल्या, “ही कोन देवळात बसून गातीया?” कोरडी लावली तर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आवाज पार पिकला की माजा.” आणि खोकला आल्यावर हसल्या.

भजनी मंडळाच्या बायकांना मात्र इको लागतोच. कोरडं गाताना त्यांचा गळा आखडतो, सूर सुटल्यासारखा वाटतो त्यांना, आणि त्यात त्यांचं चुकतही नाही. त्यासाठी भाच्यानं लहान मिक्सर आणून दिलाय. पेटीतला आवाज फक्त त्यांच्या हेडफोनमध्ये सोडतो, रेकॉर्डिंगला जातो तो कोरडाच. त्यांना वाटतं काकड आरती चालू आहे, आत मात्र शब्द स्वच्छ.

मुलीला दोन्ही प्रती दिल्या. तिनं मोबाइलमध्ये कोरडी घेतली. आणि माझ्या पेन ड्राइव्हवरची तिच्या आईची ती एक ओवी, तीही मागून घेतली, इकोसकट, ते न कळणारं नाव जसं आहे तसं. जाताना दारात म्हणाली, “ताई, बरडला माझी मावशी हाय. तिलाबी लई येत्यात. कधी येताय?”

पुढच्या रविवारी जायचंय. गोधड्या उन्हात टाकल्या आहेत. पेटी घरीच राहील.